बुलेटवाल्याच्या घरातली चारचाकी

मने,

पाहुणे, म्हणजे तुझा नवरा, चारचाकी घ्यायची तर थारच म्हणून अडून बसलेत म्हणे. तुझ्या दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबरच आहे की त्यांचं!" तेव्हा या कामात दाजींचा सल्ला घेऊ नकोस. एका फटफटीवेड्याला दुसऱ्या फटफटीवेड्याचं सगळंच बरोबर वाटतं. याच जातीच्या माणसाबरोबर संसार करतेय मी, म्हणून माझंही जरा ऐकून घे. मग तुला पटेल ते कर.

पाहुण्यांना गाड्यांतलं कळतं, यात वाद नाही. दारात बुलेट, शेडात २०१८ ला परत आलेली ती नवी जावा, आणि पोत्याखाली झाकलेली आरएक्स १००. तिचं उत्पादन १९९६ लाच थांबलं, तरी तिच्या पार्टसाठी हा माणूस पार पुण्यापर्यंत जाऊन येतो. सायलेन्सरच्या आवाजावरून गल्लीत कोण शिरलं ते सांगतो. पण चारचाकी घेताना प्रश्न इंजिनाचा कमी आणि बसणाऱ्यांचा जास्त असतो. कोण बसणार, कुठे जाणार, कसं चढणार, कसं उतरणार. फटफटीवर मागे बसणारीला कुणी विचारतं का, नीट बसलीस का म्हणून? तीच सवय शोरूममध्येही सोबत येते.

आपल्या जामखेडात या लोकांच्या दारात मी दोन प्रकारच्या मोटारी पाहिल्यात. काहींना चारचाकी म्हणजे आणखी एक बुलेटच हवी असते: उंच, दणकट, आवाज करणारी, दगडधोंड्यांतून जाणारी. थार, जिमनी, गुरखा, नाहीतर जुनी जिप्सी. दुसरे असतात ते वेगळेच. फटफटी आरशासारखी लख्ख, रोज फडक्याने पुसलेली, आणि शेजारी एक जुनी वॅगन आर किंवा अल्टो, टपावर चिमण्यांची घाण, काचेवर कुणा पोराने बोटाने काढलेलं चित्र. चारचौघांत या दुसऱ्यांना हसतात. मला विचारशील तर तेच शहाणे. जीव एका ठिकाणी लावलाय आणि काम दुसऱ्याकडून करून घेतात. अशा मोटारीवर ओरखडा उठला तर घरात दोन दिवस अबोला होत नाही, आणि हे किती मोठं सुख आहे ते तुला लवकरच कळेल.

थार वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. तीन दारांची ती नवी थार २०२० ला आली तेव्हा मीही वळून वळून बघितली होती. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे, आपल्याकडच्या शेतरस्त्यांना त्याचा उपयोग आहेच. पण तिला मागे दार नाही. मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून अंग चोरत आत शिरावं लागतं. तुझ्या सासूबाईंचे गुडघे डोळ्यांपुढे आण. जामखेडला रेल्वे नाही, मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर नगर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, आणि पुणं त्याच्याही पुढे. सुजलेला गुडघा घेऊन त्या फटीतून आत शिरायचं, नगरला उतरायचं, पुन्हा चढायचं. शिवाय मागच्या सीटवर माणसं बसली की सामानाला जागाच उरत नाही. पुण्याला पोरीकडे निघताना आपण काय एक पिशवी घेऊन निघतो का? ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, वर शेजारणीने दिलेली चार वांगी. नव्या वॅगन आरची डिकी ३४१ लिटरची आहे, आणि सीट अशा उंचीला की म्हातारं माणूस बाजेवर टेकावं तसं सहज बसतं. पाहुण्यांचा थारचा हट्ट सुटलाच नाही, तर निदान पाच दारांची रॉक्स बघा म्हणावं, २०२४ ला आली ती. पैसे जास्त जातील, पण घरचं माणूस दाराने आत शिरेल.

दाजींनी मध्येच धोनीचा दाखला दिला. त्याच्याकडे रांचीला फटफट्यांचं अख्खं दालन आहे, आणि २०१९ मध्ये त्याने मोटार घेतली तीही लष्कराची जुनी जोंगा, असं. खरं आहे ते. उघडं, लोखंडी, हाताने खोलता येणारं यंत्र या लोकांना आवडतं. पण धोनीच्या घरी आईला दवाखान्यात न्यायला दुसरी मोटार उभी असणार. पाहुण्यांना हे ऐकव.

एक मात्र सांभाळ. घरकामाची म्हणून अगदीच बिचारी मोटार त्यांच्या गळ्यात मारू नकोस. नॅनोचं काय झालं आठवतं ना? पावसात स्कूटरवर दाटीवाटीने निघालेलं कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात ती आली. २००९ ला रस्त्यावर उतरली आणि दहा वर्षांत बंदही झाली. मोटार वाईट नव्हती. पण सगळ्यांत स्वस्त म्हणून तिचा एवढा बोभाटा झाला, की दारात उभी करताना लोकांना संकोच वाटायला लागला. फटफटीवाल्याला तर हा संकोच दुप्पट. म्हणून रंग त्यांना निवडू दे, टायर त्यांच्या पसंतीचे घ्या, टेपही हवा तसला बसवू दे. उंची, दारं आणि डिकी एवढं तुझ्या हातात ठेव.

आणि दुचाकी-चारचाकीचं भांडण आपल्याच जिल्ह्यातल्या एका घराने कधीच मिटवलंय. नगरच्या कुंदनमल फिरोदियांचे मुलगे घे. हस्तीमलजींनी कायनेटिक काढली आणि १९७२ पासून नगरात लूना बनायला लागली. नवलमलजींनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, तिचीच आज फोर्स मोटर्स झालीय आणि गुरखा तीच बनवते. तिकडे जपानात सुझुकीने १९५२ ला सायकलला इंजिन बसवलं आणि तीनच वर्षांत मोटार काढली. होंडा मात्र १९४९ पासून दुचाकीतच रमली, चार चाकांवर यायला तिला १९६३ उजाडलं. पाहुणे होंडाच्या वळणाचे दिसतात, तेव्हा घाई करू नकोस.

आता पैशाचं. हे तुला कुणी दुसरं सांगणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ टक्क्यांचा १८ झाला, त्यावरच्या दुचाकीवर मात्र थेट ४०. मोटार चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल तर १८, त्यापुढे ४०. पण पूर्वी मोठ्या मोटारीवर सेस धरून यापेक्षाही जास्त बसायचा. म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या मोटारी सगळ्याच उतरल्या, महागली ती फक्त मोठी फटफटी. तुझा नवरा आता काय म्हणेल ते मी आजच सांगते: "सहाशे-पन्नासची बुलेट महाग झाली, मी ती सोडतो, त्या पैशात थार घेऊ." हा त्याग ऐकून विरघळू नकोस. सहाशे-पन्नास घरात आलेलीच नव्हती, तर सोडली कशी? दोन पाकिटं वेगळी कर. फटफटीचं पाकीट त्यांचं, त्यात काय घालायचं ते घालू दे. मोटारीचं पाकीट घराचं, त्यात हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर. एकातून दुसऱ्यात उसनवारी नाही. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून दाजी सायलेन्सरची किंमत मला खरी सांगतात.

मोटार दारात येण्याआधी एक काम गुपचूप कर. पाहुण्यांचं लायसन्स काढून बघ. गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग वेगळा आणि हलक्या मोटारीचा वेगळा. पंधरा वर्षं बुलेट चालवलेला माणूस चारचाकीच्या कागदावर कोराच असू शकतो, आणि "मला काय शिकवताय" म्हणत बिनधास्त स्टीअरिंगवर बसतो. तसं काही घडलं तर स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

फटफटीवाला मोटार कशी चालवतो तेही सांगते. काही बाबतींत सोन्यासारखी. आरशात दुचाकी शोधतो, खड्डा लांबूनच ओळखतो, उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनाने वेग तोडतो. थांबलेल्या मोटारीचं दार उघडताना आधी मागे बघतो, कारण अशा दारावर आपटायची वेळ त्याच्यावर कधीतरी येऊन गेलेली असते. तूही उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडायची सवय लाव, अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. पण डावी बाजू! बाजारपेठेत हातगाडी आणि एसटीच्या मधून बुलेट जाते, म्हणून मोटारही जाईल असं त्याला वाटतं. आमच्या मोटारीची डावी बाजू बघ, नकाशा काढलाय नुसता. दाजी कुणा जॉन सर्टीसचं नाव घेतात. दुचाकीवरही जगज्जेता आणि १९६४ ला फॉर्म्युला वनचाही. तसा जगात तो एकटाच झालाय, हे मी त्यांना दर वेळी आठवण करून देते.

पट्ट्याचंही तेच. डोक्याला हेल्मेट न चुकता घालणारा माणूस मोटारीत बसला की पट्टा लावायला कुरकुरतो, पत्र्याच्या आत आहोत म्हणून. आणि मागच्या सीटवर तर कुणीच लावत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. मोटार चांगली महागातली होती. सासूबाईंना पट्टा जड वाटेल, गळ्याशी रुततो म्हणतील. तरी लाव. तू मागे बसशील तेव्हा तूही लाव.

आता माझं खरं म्हणणं. मोटार तुझ्या नावावर घ्या आणि ती तू चालव. पाहुण्यांची हौस दोन चाकांवर आहे आणि देव करो तिथेच राहो. रविवारी सकाळी ते खर्ड्याच्या किल्ल्याकडे किंवा सौताड्याच्या धबधब्याकडे निघाले की दारातली मोटार रिकामी उभी असते, आणि नेमकं तेव्हाच पोरगं तापाने फणफणतं. शिकाऊ लायसन्स काढ, तीस दिवसांनी परीक्षा देता येते, फक्त सहा महिने उलटू देऊ नकोस. क्लचची भीती वाटत असेल तर बिनक्लचची घे. २०१४ ला सेलेरिओ तशी आली, तेव्हापासून लहान मोटारींतही ते सहज मिळतं. पाहुणे नाक मुरडतील. गिअर नाही तर मजा काय, म्हणतील. मजेला त्यांच्याकडे तीन फटफट्या आहेत की. तरीही साध्या गिअरवर शिकलीस तर उत्तम, उद्या कुणाचीही मोटार हातात घेता येईल. चढावर मागे सरकते म्हणून घाबरतात बायका. हँडब्रेक ओढून, क्लच थोडा सोडून, इंजिनाचा आवाज बदलला की ब्रेक सोडायचा, इतकंच आहे ते. आणि "बायकांना यंत्र जमत नाही" असं कुणी आपल्या जामखेडात म्हणायचं कामच नाही. १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे इथे आले, आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या अक्षरओळखही नसलेल्या बायकांना तपासण्या करायला, बाळंतपणं करायला शिकवलं. त्या शिकल्या. तुला तर पदवी आहे.

शिकवायला मात्र नवऱ्याला बसवू नकोस. शेजारच्या सीटवर बसून तो उजवा पाय दाबत राहील, जणू मागचा ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला दोन पैसे दे.

या पंचमीला ये. तोवर पाहुण्यांची मंडळी सौताड्याला जायची ठरवतीलच. पाऊस असेल, कुणाची तरी गाडी पंक्चर होईल, कुणाचा रेनकोट घरी राहील. त्यांच्या मागून आपण दोघी मोटार घेऊन जाऊ. पंप, पाण्याचा जार आणि सगळ्यांची पिठलं-भाकरी डिकीत. सासूबाई पुढच्या सीटवर. घाटात मी चालवेन, येताना तू चालव.