पायथागोरस, सरी-वरंबा आणि सीएनसी मशीनवरची सफाई



"मॅडम, हे पायथागोरस पुढे कुठे लागतं?" सातवीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदा याचं उत्तर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिलं, तेही तक्रार घेऊन.

आयटीआय करून तो एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर काम करतो. व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन. प्रोग्राममध्ये आखून दिलेल्या वाटेने कटर फिरतो आणि धातू कापत जातो. या वाटेला टूलपाथ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला होता, तेव्हा त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. ॲल्युमिनियमचा साचा, आत ट्रेसारखा चौकोनी खोलगट भाग. तळ किंचित फुगीर आणि गुळगुळीत. चारपैकी दोन भिंती छान, समोरासमोरच्या दुसऱ्या दोन मात्र रेघांनी भरलेल्या. जॉब रिजेक्ट झाला होता. "मॅडम, मी अंतर निम्मं केलं, मशीन दुप्पट वेळ चाललं, तरी रेघा गेल्या नाहीत. मालक म्हणतात, तुला गणित येत नाही."

त्याला गणित मी शिकवलं होतं! म्हणून वही काढली आणि दोघं बसलो.

आधी रेघा का येतात ते बघू. शेतात सऱ्या पाडल्या की दोन सऱ्यांच्या मध्ये वरंबा राहतो ना? वळणदार पृष्ठभागासाठी वापरतात त्या बॉलनोज कटरचं टोक अर्धगोल असतं. तो एक सरी पाडतो, थोडा बाजूला सरकतो, दुसरी पाडतो. बाजूला सरकण्याच्या या अंतराला स्टेपओव्हर म्हणतात. मध्ये बारीकसा वरंबा उरतो, तो हाताला खरखरीत लागतो आणि डोळ्याला रेघ दिसतो.

वरंब्याची उंची काढायला काटकोन त्रिकोण पुरतो. कर्ण म्हणजे कटरची त्रिज्या. एक बाजू म्हणजे स्टेपओव्हरचा निम्मा भाग. दुसरी बाजू म्हणजे त्रिज्या वजा वरंब्याची उंची. सिद्धांत लावा, उंचीचा वर्ग फारच लहान म्हणून सोडून द्या, आणि उरतं ते असं:

उंची = (स्टेपओव्हर × स्टेपओव्हर) ÷ (८ × त्रिज्या)

६ मिमी व्यासाचा कटर, म्हणजे त्रिज्या ३ मिमी. स्टेपओव्हर ०.५ मिमी घेतला तर ०.२५ ÷ २४, म्हणजे सुमारे ०.०१० मिमी, १० मायक्रॉन. स्टेपओव्हर ०.२५ केला तर २.६ मायक्रॉन. अंतर निम्मं, वरंबा पाव! पण फुकट काही मिळत नाही. १०० मिमी बाय १०० मिमी तुकड्यावर ०.५ च्या अंतराने २०० फेऱ्या होतात, म्हणजे २० मीटर वाट. मिनिटाला १००० मिमी फीड असेल तर २० मिनिटं. अंतर निम्मं केलं की ४० मिनिटं. ०.१ केलं तर १०० मिनिटं.

त्याऐवजी मोठा कटर घेता येतो. त्रिज्या ५ मिमी असेल तर त्याच ०.५ ला वरंबा ६ मायक्रॉनच्या आसपास येतो, वेळ तेवढाच. फक्त आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येचा असेल तर ५ चा कटर तिथे पोचणारच नाही. (ड्रॉइंगवरचा आरए हा आकडा सरासरी असतो, वरंब्याची पूर्ण उंची नव्हे. इथे मुलं हमखास गल्लत करतात.)

आता भिंतींकडे येऊ. याचा कटर एकाच दिशेने, नांगरटीसारख्या समांतर रेषांत फिरत होता. स्टेपओव्हर मोजला जातो वरून, नकाशात मोजावा तसा. तळावर ०.२५ म्हणजे जवळजवळ ०.२५ च. पण ८० अंश चढाच्या भिंतीला समांतर जाणारी वाट वरून बघता ०.२५ सरकली, की भिंतीवर ती सुमारे १.४ मिमी खाली उतरलेली असते. तिथला वरंबा ८८ मायक्रॉनच्या आसपास. तळाच्या तीसपटीहून जास्त! ज्या दोन भिंती वाटांना आडव्या होत्या, त्यांच्यावर कटर चढत-उतरत गेला आणि दोन वाटांमधलं अंतर ०.२५ च राहिलं. म्हणून त्या छान आल्या. फोटोतच उत्तर होतं.

इथे मी भूगोलाचं पुस्तक उघडलं. समोच्च रेषा आठवतात? डोंगराच्या कड्यावर त्या दाट असतात, सपाटीवर विरळ. सीएनसीमध्ये अगदी तसाच टूलपाथ असतो, त्याला कॉन्स्टंट झेड म्हणतात. कटर एका उंचीवर पूर्ण फेरी मारतो, मग ठरावीक अंतर खाली उतरतो. त्या ८० अंशाच्या भिंतीवर ०.२५ खाली उतरलं तर भिंतीवरचं अंतरही जवळपास ०.२५ च राहतं. चारही भिंती सारख्या. मात्र हीच वाट सपाट तळावर चालवली तर रेषा विरळ होतात आणि पायऱ्या दिसतात. म्हणून उभ्या भागाला समोच्च वाट आणि तळाला समांतर वाट, असे दोन भाग करायचे, सांध्यावर थोडं एकमेकांवर चढवून.

मग तो म्हणाला, "मॅडम, मी फीडपण कमी केलं होतं." हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. प्रत्येक दाताला मिळणारा छिलका फारच पातळ झाला की दात कापत नाही, घासतो. ॲल्युमिनियम तर धारेला चिकटतं आणि सफाई आणखी बिघडते. उलट कटर होल्डरबाहेर किती लांब काढलाय ते बघावं. लांबी निम्मी केली तर तेवढ्याच जोराला तो आठव्या हिश्शाने वाकतो, कारण इथे लांबीचा घन लागतो. शिवाय वक्र रेषा प्रोग्राममध्ये पुष्कळदा छोट्या सरळ तुकड्यांत मोडलेली असते. ती टॉलरन्स ०.०५ मिमी सारखी ढोबळ ठेवली तर स्टेपओव्हर कितीही कमी करा, पृष्ठभागावर पैलू दिसतात.

सुट्टीनंतर त्याने वाटा वेगळ्या करून तोच साचा पुन्हा केला. फोटो आला, चारही भिंती सारख्या. सोबत एकच ओळ, "मालकांना वही दाखवली."

वर्गात हे करायला मशीन लागत नाही. आलेख कागदावर एक सरळ रेषा काढा. कंपासमध्ये ५ सेमी त्रिज्या घ्या, रेषेवर ४ सेमी अंतराने केंद्रं धरा आणि खालच्या बाजूला अर्धवर्तुळं काढा. दोन वर्तुळं छेदतात तो बिंदू तळापासून किती वर आहे, ते मोजायला सांगा. सुमारे ४ मिमी येईल. मग केंद्रं २ सेमी अंतरावर घ्यायला लावा. मोजण्याआधी अंदाज विचारा. बहुतेक मुलं २ मिमी म्हणतील. पट्टी लावू द्या, १ मिमी येतो. त्यानंतरच फळ्यावर त्रिकोण काढा.