'वस्तूकरण' : शब्दाचा अर्थ आणि रोजचा वापर

स्त्रियांच्या प्रश्नांवरील भाषणांत व लेखांत 'वस्तूकरण' हा शब्द वारंवार येतो. अनेकांना तो जड वाटतो, तर काहींना तो जाहिरातीतील स्त्रीच्या चित्रापुरताच वाटतो. वास्तविक आपल्या रोजच्या बोलण्या-वागण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा अर्थ आपण थोडक्यात समजून घेऊ.

प्रथम शब्दाची घडण पाहू. 'करण' जोडून झालेले असे शब्द 'जे मुळात नव्हते ते करणे' हा अर्थ दाखवतात. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, कारण तोवर त्या खाजगी मालकीच्या होत्या. त्याचप्रमाणे टेबलाचे किंवा खुर्चीचे वस्तूकरण होऊ शकत नाही; त्या मुळातच वस्तू आहेत. जो वस्तू नाही त्याला वस्तू समजून वागवणे, हा या शब्दाचा सरळ अर्थ होय. 'वस्तुनिष्ठ' या शब्दाशी मात्र त्याची गल्लत करू नये. वस्तुनिष्ठ म्हणजे स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवून वस्तुस्थिती पाहणे. तो गुण आहे. वस्तूकरण हा दोष आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली असा विचार मांडला, की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये; तो स्वतःच साध्य आहे. पुढे १९९५ साली अमेरिकन विदुषी मार्था नुसबॉम यांनी वस्तूकरणाच्या सात खुणा सांगितल्या. माणसाला साधन बनवणे, त्याला स्वतःचा निर्णय नाकारणे, तो स्वतःहून काही करूच शकत नाही असे धरणे, एकाच्या जागी दुसरा चालेल असे मानणे, त्याचे शरीर मोडले तरी चालेल असे समजणे, त्याच्यावर मालकी सांगणे, आणि त्याच्या भावना जमेस न धरणे, अशा त्या सात होत.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो मजूर दरवर्षी ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता हे हत्यार; पण मोजली जातात ती माणसे! काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये म्हणून अनेक स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. वरील सात खुणा येथे लावून पाहाव्यात. नाव हत्याराचे दिले, की पुढे दुखणारे शरीर दिसेनासे होते.

आपल्या घरातही हे घडतेच. आपण मुलगी 'दाखवतो', तिला चालून दाखवायला सांगतो. तिचे मत मात्र शेवटी विचारतो, किंवा विचारतच नाही. गटार साफ करायला 'माणूस पाठवा' म्हणतो, पण त्या माणसाचे नाव विचारत नाही. रुग्णालयात आजीबाई 'सात नंबरचा बेड' होतात.

मग नंबर देणेच चूक काय? तसे नाही. आम्हा बँकवाल्यांना काउंटरवर टोकन नंबर पुकारावाच लागतो. त्याशिवाय गर्दी आवरत नाही. एकमेकांची सेवा घेतल्यावाचून समाजही चालत नाही. म्हणूनच कांटच्या विचारातील 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. टोकन घेऊन आलेल्या म्हातारीला अर्ज भरता येत नसेल, तर कारकून थांबून तिला समजावतो की पुढचा नंबर पुकारतो, यावर सर्व अवलंबून आहे.

भारतीय राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली आहे. माणूस ही विकण्या-राबवण्याची वस्तू नव्हे, हे कायद्याने सांगितले; परंतु बोलण्यातून आणि नजरेतून होणारे वस्तूकरण कायद्याला दिसत नाही. ते आपणच थांबवायचे आहे. त्यासाठी साधी सुरुवात पुरे. आपल्याकडे राबणाऱ्याचे नाव विचारावे, त्याला नावाने हाक मारावी, आणि त्याच्याविषयी ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. एवढे आपण सर्वांनी केले, तर हा जड वाटणारा शब्द आपल्याला खऱ्या अर्थाने समजला असे म्हणता येईल.