वाढदिवसांची यादी आणि हुमणीच्या तारखा

जयपूर शहराच्या दक्षिणेस, सांगानेरच्या वाटेवर, दुर्गापुरा येथे राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे. हुमणीवरील अखिल भारतीय प्रकल्पाचे समन्वय दीर्घकाळ येथूनच झाले. तिकडे या किडीस 'सफेद लट' म्हणतात. वालुकामय जमिनीतील भुईमुगावर होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही प्रजाती आढळते, तर आपल्याकडे उसात होलोट्रिकिया सेराटा. प्रजाती निराळ्या असल्या तरी नियम एकच: पहिला दमदार पाऊस झाला की सायंकाळी भुंगेरे जमिनीबाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, हे काम त्या तीन-चार रात्रींतच आणि साऱ्या गावाने मिळून करावयाचे असते.

या कामाचे स्मरण मोबाइलमधील दिनदर्शिकेने द्यावे, असे अनेकांना वाटते. शेतकऱ्यांच्या वाढदिवसांची यादी एक्सेलमधून गुगल कॅलेंडरमध्ये घेण्याची रीत विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहेच. तीच येथे उपयोगी पडते. मात्र वाढदिवस दरवर्षी ठरल्या तारखेस येतो, भुंगेरे येत नाहीत. म्हणून गतवर्षीची तारीख 'दरवर्षी पुन्हा' अशी नोंदवू नये. यादीत प्रत्येक गावासमोर पहिल्या दमदार पावसाचा दिनांक भरावा आणि पुढील तारखा त्यात दिवस मिळवून सूत्राने काढाव्यात. पहिल्या रात्रीचा निरोप अर्थातच फोनवरूनच द्यावा लागतो. दिनदर्शिका कामास येते ती पुढच्या रात्रींसाठी आणि नंतरच्या अळी-पाहणीसाठी. अंड्यांतून अळ्या साधारण दहा-बारा दिवसांत निघतात व प्रथम सेंद्रिय पदार्थांवर जगतात. मुळांचे मोठे नुकसान करते ती पूर्ण वाढलेली तिसऱ्या अवस्थेतील अळी. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून मुळांशेजारची माती उकरून पाहण्याची नोंद अवश्य ठेवावी.

यादीच्या पहिल्या ओळीतील शीर्षके रोमन लिपीतच हवीत. 'सब्जेक्ट' आणि 'स्टार्ट डेट' हे दोन स्तंभ अनिवार्य आहेत. गावाचे नाव व काम देवनागरीत लिहिता येते. पण फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात जतन करावी, अन्यथा अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. आयात संगणकावरूनच होते, मोबाइल ॲपमधून नव्हे.

सर्वाधिक जपावे ते तारखेस. एका वर्षी आमच्या यादीतील पाऊस ५ ते १२ जूनदरम्यानचा होता आणि आम्ही नित्याप्रमाणे दिवस आधी, महिना नंतर लिहिला होता. कॅलेंडरने महिना आधी मानला. १२ जूनची नोंद ६ डिसेंबरला जाऊन बसली. कोठेही चूक दाखविली गेली नाही, आणि एका गावात झाडे हलविण्याच्या रात्री कोणाचाही फोन वाजला नाही. ऑगस्टमध्ये त्या शिवारातील ऊस पिवळा पडू लागला तेव्हा कारण उमगले. तेव्हापासून आम्ही महिना/दिवस/वर्ष हाच क्रम ठेवतो आणि आयात केल्यावर निदान तीन नोंदी कॅलेंडर उघडून प्रत्यक्ष पाहतो.

आयातीपूर्वी 'हुमणी' नावाचे स्वतंत्र कॅलेंडर काढावे. तीच फाइल दुसऱ्यांदा घेतली तर नोंदी दुप्पट होतात. स्वतंत्र कॅलेंडर असल्यास ते समूळ काढून नव्याने सुरुवात करता येते, आपल्या इतर नोंदींना धक्का लागत नाही. हेच कॅलेंडर गटातील शेतकऱ्यांना सामायिक करता येते. मात्र स्मरणसूचनेची वेळ ज्याने त्याने आपल्या फोनवर ठरवावयाची असते. ती सायंकाळी सहाची ठेवावी. सकाळी वाजलेली सूचना अंधार पडेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.