आधी ओल, मग रंग

कमी पैशात खोली नवी करायची असेल तर पहिला फोन पेंटरला करू नये. खोलीचं दुखणं काय आहे ते आधी बघावं, आणि शक्यतो पावसाळ्यात बघावं. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती शहाण्यासारख्या वागतात.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या चौसाळ्यात गावठाणाच्या बाजूला अजूनही दगड-मातीची घरं आहेत. कधीतरी वरून सिमेंटचा गिलावा झालेला, माळवद उतरवून पत्रे टाकलेले. आमची समोरची खोली त्यातलीच, दहा बाय बारा. माझं शिवणकाम तिथेच चालतं, आल्यागेल्याची उठबस तिथेच. पुतणीला बघायला पाहुणे येणार, तेव्हा खोली नीटनेटकी करायची ठरली. हाताशी होते 15 हजार रुपये.

पेंटरने भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काकू, खालून जरा खरवडतो, पुट्टीचे दोन हात, वर रंगाचे दोन हात. बघतच राहाल." वैशाखात काम झालं. पाहुणे आले, सोयरीक जमली, खोलीचं कौतुकही झालं. पुढे पाऊस तसा बेताचाच पडला, तरी पोळ्याच्या सुमाराला भिंती कंबरेपर्यंत फुगल्या. नखाने टोकरलं की पुट्टीचा पापुद्रा रंगासकट हातात यायचा आणि मागे पांढरी भुकटी दिसायची. जिभेला लावली तर खारट. न्हाणीकडच्या भिंतीची तर दशाच झाली. पेंटरला बोलावलं तर तो म्हणे, ओल तुमच्या भिंतीत आहे, माझ्या कामात नाही. बोलणं खोटं नव्हतं. पण ते पैसे घेण्याआधी बोलायचं असतं.

आमच्या नात्यातल्या एका घरी यावर दुसराच उपाय झाला. ओलीवर पीव्हीसीचे पॅनेल ठोकले. खोली दिसायला झकास, पण दोन पावसाळ्यांत मागच्या लाकडी पट्ट्यांना वाळवी लागली आणि खोलीत कुबट वास भरला. झाकलेली ओल वाळत नाही, ती फक्त दिसत नाही.

हे का होतं ते समजून घेतलं की निम्मे पैसे वाचतात. नव्या बांधकामात जोत्यावर ओल अडवणारा थर घालतात, त्याला डीपीसी म्हणतात. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत तो नसतो. वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि मातीतले क्षार बरोबर घेऊन येतं. भिंत मातीची किंवा चुन्याची असली तर ते पाणी हळूहळू उडून जातं. वर सिमेंट, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत रंग असला की त्याला वाट राहत नाही. क्षार थराच्या मागे साचतात, त्यांचे खडे बनतात आणि ते पुट्टीला बाहेर ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भारीतला रंग घेतला म्हणून लोणा थांबत नाही.

पेंटरला बोलावण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या अंगाला जमले तर हवेतला दमटपणा, त्याला खिडकी उघडी ठेवणं हेच औषध. दुसरं, बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलेला आहे. तिथे पुट्टी लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आमच्याकडे नंतर गवंड्याने काम उलट्या टोकाने धरलं. आधी घराबाहेर गेला. न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेने मुरत होतं, ते पाइप टाकून लांबच्या शोषखड्ड्यात सोडलं. पत्र्याला पन्हळ लावली. भिंतीलगतची माती ओढून पाणी बाहेर वाहील असा उतार दिला. मग आतून खालचा तीन फुटांचा सिमेंटचा गिलावा काढला, दगडांचे सांधे मोकळे केले आणि भिंत नुसती उघडी ठेवली. ती उघडी खोली बघून येणारी जाणारी नाकं मुरडत होती, पण भिंत वाळायला वेळ देण्याला पर्याय नाही. वाळल्यावर एकास तीन प्रमाणात चुना आणि वाळूचा गिलावा केला आणि चुन्याचे तीन पातळ हात दिले. हे सगळं मिळून पेंटरच्या कामापेक्षा स्वस्तात झालं. चुन्याचा रंग अंगाला लागतो, ही त्याची खोड आहे. विरवताना थोडा डिंक घातला की ती बरीच कमी होते.

चुना विरवताना जपा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा. तो उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, लोखंडी घमेलं किंवा ड्रम घ्या. डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं, तेव्हा लेकरांना लांब ठेवा. रात्रभर मुरू द्या, गाळून घ्या आणि मगच कुंचा बुडवा.

कामाची वेळ नीट निवडा. सगळे दिवाळीच्या तोंडावर रंग काढतात. तेव्हा पावसाची ओल भिंतीत असते आणि पेंटरचा भावही चढलेला असतो. भर उन्हाळ्यात गिलावा केला तर त्यावर सात दिवस पाणी मारायला लागतं, आणि आपल्या भागात त्या दिवसांत प्यायलाच पाणी विकत घ्यायची वेळ येते. पाणी मारलं नाही तर गिलाव्याला तडे जातात. म्हणून दिवाळीनंतरचा काळ उत्तम. अडचण एकच, बीड जिल्ह्यातली माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात आणि गवंड्याच्या हाताखाली माणूस मिळत नाही. दसऱ्याआधीच गवंड्याशी बोलून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीव्हीसाठी भिंतीत कोनाडा काढू, खिडकी मोठी करू, असं कोणी सुचवलं तर दगड-मातीच्या घरात सरळ नाही म्हणा. या भिंती बाहेरून जाड दिसतात, पण बहुतेक वेळा ते दगडांचे दोन वेगळे पदर असतात आणि मधे नुसती माती आणि चिपा भरलेल्या असतात. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नसतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिवकडची हजारो माणसं अशाच भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. दरवर्षी पावसाआधी माळवदावर माती टाकत गेल्याने त्याचं वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलं होतं. जुनी दिवळी असेल तर तिलाच रंग देऊन सजवा, नवी काढू नका. माळवद अजून असेल तर त्यावर नवा थर चढवण्याआधी जुना उतरवा.

वरचा पत्रा तापतो म्हणून खाली पीओपीचं छत करा, असं हमखास सांगतात. त्यापेक्षा पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या. खर्च कमी आणि फरक हाताला जाणवणारा. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच जाहीर केलं. खाली काही लावायचंच असेल तर बांबूची चटई चालेल, पण वायरीपासून लांब. थर्माकोल मात्र नको. तो झटकन पेटतो, आणि जुन्या घरातल्या वायरिंगचा भरवसा धरता येत नाही. रंग काढण्याआधी वायरिंग तपासून घ्या, नाहीतर नव्या भिंतीला परत खाचा पडतात.

जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट खरवडताना कोरडा पॉलिश पेपर घासू नका. घरगुती रंगातलं शिसं लाखात नऊ भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला. त्याआधीच्या थरांत ते बरंच जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना बाधते. लाकूड ओलं करून घासा, तोंडाला फडकं बांधा, पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्या.

पैशाचं गणित स्वतः करा. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली असेल तर चार भिंती मिळून 396 चौरस फूट भरतात. दार आणि खिडक्या वजा केल्या की साडेतीनशेच्या आसपास राहतात. कोणी अंदाजे पाचशे फूट धरून भाव सांगत असेल तर टेप आणून समोर मोजा. किती हात देणार, माल कोणाचा, ओलीचे पोपडे आले तर कोण निस्तरणार, हे साध्या वहीच्या पानावर लिहून घ्या आणि खाली सही घ्या. थोडे पैसे पावसाळा संपेपर्यंत हातात राखून ठेवता आले तर बघा. चांगला कारागीर याला राग धरत नाही.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. उतरवलेल्या माळवदाची सागवानी तुळई भंगारात देऊ नका, तिच्या फळ्या बाजारातल्या प्लायवूडपेक्षा टिकाऊ होतात. जुन्या साड्यांची वाकळ दिवाणावर घातली की नवं कव्हर लागत नाही. शिवणाऱ्याने किंवा अभ्यास करणाऱ्याने मात्र उजेडात काटकसर करू नये. पत्र्यात एक पारदर्शक पन्हाळी पत्रा बसवला तर दिवसभर दिवा लावावा लागत नाही.

तेव्हा हातात पैसे कमी असतील तर त्यांचा क्रम असा लावा: आधी पाण्याची वाट, मग वायरिंग, मग गिलावा, मग छत, आणि उरले तर रंग. पैसे संपलेच तर रंग पुढच्या वर्षी काढा. पाहुणे रंगावाचून अडत नाहीत. आमचं ठरलेलं लग्न फुगलेल्या भिंतींसमोरही ठरलेलंच राहिलं.