एक वर्ग, दोन सल्ले

पिंपळनेरच्या एकाच वर्गात दोन तऱ्हेची मुलं शेजारी बसतात. एकाला वडील फटफटीवरून शाळेच्या फाटकाशी सोडतात, दुसरं पश्चिमेकडच्या पाड्यावरून पायपीट करत येतं. दोघांनाही ‘रोज चाला’ सांगणं म्हणजे एकाच बाटलीतलं औषध सगळ्यांना पाजणं.

आधी गावातल्यांचं. 5 ते 17 वयाच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा किलोमीटरभर लांब असेल तर भरभर चालत जाऊन-येऊन निम्मं काम होतं. उरलेलं लंगडी, खो-खो, लगोरीत. ‘डॉक्टर, रस्त्यावर ट्रॅक्टर-डंपर, एकट्याला कसं सोडू?’ असं आया विचारतात. भीती रास्तच आहे. म्हणून गल्लीतल्या चार-पाच मुलांनी मिळून निघावं आणि पाळीपाळीने एकेका घरातल्या मोठ्या माणसाने सोबत जावं. दप्तर एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा. 25 किलोच्या मुलाच्या पाठीवर अडीच किलोच्या वर ओझं नको.

पाड्यावरच्या मुलाला मात्र आणखी चालायला लावू नका, त्याचं चालणं भरपूर झालेलं असतं. त्याला हवी सकाळी पोटात भाकर, सोबत पाण्याची बाटली आणि पायात धड चप्पल. आठवीपासून पुढच्या मुलीला सरकारी योजनेतून सायकल मिळाली असेल, तर ती तिच्याकडेच राहू द्या. भावाकडे गेलेल्या सायकली मी पुष्कळ पाहतो.

आणि हे नीट वाचा. मूल वारंवार ‘पाय दुखतात, हाडं ठणकतात’ म्हणत असेल, लवकर थकत असेल, डोळे पिवळट दिसत असतील, तर त्याला कामचुकार म्हणू नका. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. सरकारी दवाखान्यात रक्ताची साधी तपासणी होते. त्यात दोष दिसला तर पुढची तपासणी करून मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे कळतं. वाहक मुलाने इतरांसारखं खेळावं, फक्त उन्हात पाणी पीत राहावं. रुग्ण मुलानेही घरी बसून राहू नये, पण दुपारच्या उन्हात लांब चालणं, शर्यतीत ऊर फुटेस्तोवर धावणं टाळावं. सरांना तसं आधीच सांगून ठेवा: मूल थांबलं की थांबू द्या, पाणी मागितलं की लगेच द्या. अशा मुलाला ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.