उपग्रह-मार्गदर्शकाची निवड

व्यापारानिमित्त भालकीहून उदगीर, बसवकल्याण, हुमनाबाद अशी नित्य मोटार चालवावी लागणाऱ्याने उपग्रह-मार्गदर्शक कोणता घ्यावा? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मी हा प्रश्न खर्च आणि उपयोग यांच्या हिशेबाने पाहतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह रस्ता दाखवीत नाहीत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह केवळ वेळेचे व आपल्या स्थानाचे संकेत पाठवितात. किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र स्वतःचे ठिकाण काढते. हे संकेत विनामूल्य आहेत. त्यांना मोबाईलचे नेटवर्कही लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घेण्यास. म्हणजे खरी निवड नकाशाची आहे.

तेव्हा तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, नकाशा यंत्रात साठविता येतो काय? दुसरी, तो गावांची नावे ओळखतो काय? २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. जुन्या कागदांवर मात्र जुनेच नाव आहे. तिसरी, नकाशा अद्ययावत ठेवण्यास खर्च किती?

ज्याच्याजवळ चांगला मोबाईल आहे, त्याने वेगळे यंत्र घेण्यापूर्वी त्यातच नकाशा साठवून महिनाभर अनुभव घ्यावा. मोबाईल हाती न धरता समोर स्टँडवर बसवावा, म्हणजे लक्ष रस्त्यावर राहते.

आठवड्यातून दोनदा पाच किलोमीटर वाट चुकली, तर जाऊन-येऊन वर्षाला १,०४० किलोमीटर व्यर्थ जातात. यंत्राची किंमत तेवढ्या इंधनाच्या खर्चाशी ताडून पाहावी आणि मगच खरेदी करावी, असे माझे मत आहे.