तुरटपणाची पारख

ग्रंथ आवडला तर तो पुन्हा वाचता येतो, राग पुन्हा ऐकता येतो. वाइनची बाटली मात्र एकदाच उघडता येते. ती उघडण्याची वेळ आली आहे की नाही हे ठरवायचे तर चव पाहिली पाहिजे, आणि चव पाहायची तर बाटली उघडली पाहिजे. जगातील बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत पिण्यासाठी तयार केलेली असते. तिच्या बाबतीत हा पेच गौण ठरतो. परंतु इटलीतील काही बलवान तांबड्या वाइन दशकानुदशके टिकतात, आणि त्यांच्या बाबतीत सारा प्रश्नच या निर्णयाचा असतो.

दिल्लीतील एखाद्या गृहस्थाची कल्पना करू. मुलीच्या जन्मवर्षीची बारोलो वाइन घेऊन ठेवावी आणि तिच्या पंचविसाव्या वाढदिवशी उघडावी, असे त्याने ठरवले आहे. दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्याने पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकण्यास मनाई केलेली असल्यामुळे त्याने निवडलेला मुहूर्तही योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की ही बाटली पंचवीस वर्षे तग धरील काय?

बारोलो ही वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून तयार होते. तेथील नियमानुसार हंगामाच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, आणि त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, ती मुरवावी लागते. म्हणजे आपल्या गृहस्थाची मुलगी तीन वर्षांची होऊन गेल्याखेरीज तिच्या जन्मवर्षीची बारोलो विक्रीसाठी येणारच नाही. तोस्काना प्रांतातील ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो ही सांजोवेझे द्राक्षांची वाइन तर हंगामानंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपूर्वी विकता येत नाही. या दोन्ही वाइनना १९८० मध्ये इटलीतील सर्वोच्च प्रतीचा दर्जा मिळाला.

इतकी वर्षे थांबूनही कोवळ्या बारोलोचा पहिला घोट अनेकांना निराश करतो. जीभ कोरडी पडते आणि हिरड्या आखडल्यासारख्या होतात. कच्चे जांभूळ किंवा आवळा खाल्लेल्यास हा अनुभव नवा नाही. आपल्या परंपरेत सहा रसांत ज्याला कषाय म्हटले आहे, तोच हा तुरटपणा. द्राक्षांच्या साली, बिया व देठ यांतून आणि काही अंशी पिंपाच्या लाकडातून उतरणारी टॅनिन नावाची द्रव्ये त्याचे कारण होत. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात. लाळेचा बुळबुळीतपणा त्यामुळे नाहीसा होतो आणि तोंड खरखरीत लागते.

हा तुरटपणा दोष नव्हे. वर्षे लोटतात तशी टॅनिनची द्रव्ये परस्परांशी व रंगद्रव्यांशी जोडली जातात, त्यांतील काही साक्याच्या रूपाने तळाशी बसतात आणि चव मवाळ होते. कैरीचे लोणचे घातल्या दिवशी वेगळे लागते आणि मुरल्यावर वेगळे, हे आपण जाणतोच. मात्र मुरणे आणि नुसते जुने होणे यांत फरक आहे. बेचव लोणचे वर्षभर ठेवले म्हणून रुचकर होत नाही. वाइनचेही तसेच आहे.

म्हणून चव पाहताना केवळ आज काय आवडते हे न पाहता उद्यासाठी काय शिल्लक आहे हे शोधावे लागते. पेला एकतृतीयांशाहून अधिक भरू नये. तो पांढऱ्या कापडावर तिरका धरून प्रथम कडेचा रंग पाहावा. वयाबरोबर तांबडा रंग विटकरी होत जातो. नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका असल्याने त्यावरून वाइन अशक्त आहे, असे मात्र अनुमान काढू नये. नंतर पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बहुधा बूच सदोष असते. शिजवलेल्या मुरंब्यासारखा आला तर बाटलीला उष्णता लागली असण्याचा संभव असतो. शेवटी लहानसा घोट तोंडात सर्वत्र खेळवून पिकदाणीत टाकावा. अनेक नमुन्यांची परीक्षा करणाऱ्याने घोट गिळू नये. गिळणाऱ्याचा निर्णय तिसऱ्या पेल्यापासूनच अविश्वसनीय होऊ लागतो.

घोट टाकल्यावर खरी परीक्षा सुरू होते. तुरटपणा ओसरल्यावर मागे फळाची चव उरते काय, आणि ती किती वेळ टिकते? तोंडाला पाणी आणणारा आंबटपणा आहे काय? मद्यार्काची जळजळ या साऱ्यांवर मात करते काय? टॅनिन, आंबटपणा व फळाचा गर्भ ही तिन्ही भरपूर आणि तोलात असतील, तर वाइन थांबू शकते. नुसताच तुरटपणा असेल, तर तो निवळेपर्यंत फळ संपून जाते आणि हाती कोरडे पाणी उरते.

हा अभ्यास केवळ परदेशी बाटल्यांवरच करावा लागतो असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा बंधूंच्या तीन जोड्यांनी फ्रातेल्ली ही वाइनरी उभारली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तेथे सांजोवेझे व काबेर्ने सोव्हिन्यो यांच्या मिश्रणातून ‘सेत्ते’ ही पिंपात मुरवलेली वाइन तयार झाली. इटलीत वेल हिवाळ्यात निद्रिस्त होतो. महाराष्ट्रात तो होत नाही. म्हणून येथे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी करून वेलाला शिस्त लावावी लागते आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. एकाच जातीच्या द्राक्षाला दोन भूमींत कोणता तुरटपणा येतो, हे सेत्ते आणि ब्रुनेल्लो शेजारी ठेवून अभ्यासकाने अवश्य पाहावे.

आता दिल्लीतील त्या गृहस्थाकडे परत येऊ. त्याचा सर्वांत मोठा शत्रू तेथील हवामान आहे. तांबडी वाइन घराच्या तपमानावर प्यावी, हा युरोपीय संकेत १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या घरांत जन्मला. दिल्लीत मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीच्या रात्री तो पाच अंशांच्या आसपास उतरतो. अशा चढउतारांत द्रव प्रसरण व आकुंचन पावतो, बूच सैल होते आणि आत हवा शिरते. वाइनला सुमारे १२ ते १५ अंशांची स्थिर, अंधारी जागा हवी, आणि बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी हवी. विजेवर चालणारी खास कपाटे यासाठी मिळतात. ती सोय नसेल तर बाटली पंचवीस वर्षे जपण्याऐवजी लवकर उघडणेच शहाणपणाचे.

राहिला आरंभीचा पेच. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यात बाकीचा भात उरलेला असतो. एकुलत्या एका बाटलीत असे मागे काहीच उरत नाही. म्हणून ज्याला परवडेल त्याने एकाच खोक्यातील निदान तीन बाटल्या घ्याव्यात. पहिली मिळताच उघडून तिची नोंद तारखेसह लिहून ठेवावी. दुसरी दहा-बारा वर्षांनी उघडून जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. तुरटपणा निवळला असून फळ शाबूत असेल, तर तिसरीला निर्धास्तपणे थांबू द्यावे. फळ ओसरू लागले असेल, तर वाढदिवसाची वाट पाहू नये. मुलीसाठी तेव्हा दुसरी भेट शोधता येईल. उतरणीला लागलेल्या वाइनला मात्र पुन्हा वर चढवता येत नाही.